नो ड्यूजवर सही केल्यानंतर

वैद्यकीय महाविद्यालयाच्या लायब्ररीत माझ्या टेबलाशी येणाऱ्या प्रश्नांत पुस्तकांबद्दलचे प्रश्न थोडे असतात. पहिल्या-दुसऱ्या वर्षाची मुलं पुस्तक मागतात, रेसिडेंट डॉक्टर मात्र पेशंट घेऊन येतात. पेशंट वॉर्डातच असतो, पण त्याचं वय, ताप किती दिवसांचा, कोणतं औषध देऊन झालं, कशाने उतार पडला नाही, हे सगळं माझ्यापुढे मांडलं जातं. मी डॉक्टर नाही. ग्रंथालयशास्त्र शिकून सरकारी नोकरीत आले आणि सगळी नोकरी याच प्रकारच्या लायब्ररीत गेली. या पेशंटसारख्या माणसांवर जगात कुठे, कुणी, काय करून पाहिलं आणि त्याचं पुढे काय झालं, हे ज्या पानावर छापलंय त्या पानापर्यंत डॉक्टरला नेऊन पोचवायचं, एवढं माझं काम. निर्णय त्याने घ्यायचा.

या कामात शोधणं फार अवघड नाही. ते शिकता येतं, शिकवताही येतं. अवघड आहे सापडलेलं पान उघडणं. ते कुणाला उघडेल आणि कुणाला नाही, हे डॉक्टर कुठे नोकरीला आहे त्यावरून ठरतं. पेशंट किती आजारी आहे याचा त्याच्याशी काही संबंध नसतो. नोकरीच्या सुरुवातीपासून मी हे बघत आले. साधनं पार बदलली, हे बदललं नाही.

मी लागले तेव्हा शोधायचं साधन म्हणजे 'इंडेक्स मेडिकस'. जॉन शॉ बिलिंग्ज यांनी 1879 मध्ये सुरू केलेली ही सूची पुढे अमेरिकेची नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिन काढत असे. महिन्याला एक जाडजूड अंक, बारीक टाइप, विषयवार मांडणी. प्रत्येक नोंदीत लेखकाचं नाव, शीर्षक, जर्नलचं आखूड केलेलं नाव, खंड आणि पानं. सारांश नाही. शीर्षक चौकटी कंसात असलं की लेख इंग्रजीत नाही असं समजायचं. रेसिडेंट उभ्याउभ्या पानं उलटत, नोंदी कागदावर उतरवून घेत, आणि मग खरा प्रश्न यायचा: हे जर्नल आपल्याकडे आहे का? असलं तर आमचे शिपाई मामा शिडी लावून बांधीव खंड काढून द्यायचे. बहुतेक वेळा ते नसायचं. 1991 च्या जुलैत रुपयाचं अवमूल्यन झालं. परदेशी जर्नलांची वर्गणी डॉलर-पौंडात, आणि आमचं अनुदान रुपयांत तेवढंच. पुढच्या वर्षीची यादी ठरवायला विभागप्रमुख बसले ते कोणतं जर्नल घ्यायचं यासाठी नव्हे, कोणतं तोडायचं यासाठी. आमच्या कपाटांत अजून ते वर्ष दिसतं: दहा-दहा वर्षं सलग चाललेली मालिका तिथे थांबते आणि शेजारचं जर्नल सुरू होतं.

मग टपाल. दिल्लीत अन्सारी नगरला नॅशनल मेडिकल लायब्ररी आहे, तिथे पत्र पाठवून लेखाची झेरॉक्स मागवता यायची. दुसरा रस्ता थेट लेखकाचा. फिलाडेल्फियाहून 'करंट कंटेंट्स' नावाची पुस्तिका दर आठवड्याला निघायची. तिच्यात जर्नलांच्या अनुक्रमणिका आणि मागे लेखकांचे पत्ते असत. ते पत्ते बघून रेसिडेंट छापील कार्डं पाठवायचे, 'आपल्या लेखाची प्रत कृपया पाठवावी'. आणि लोक पाठवायचे! लंडन, बोस्टन, मेलबर्नचे लिफाफे यायचे, आत गुळगुळीत कागदावरची रीप्रिंट आणि कधीकधी शुभेच्छांची दोन ओळींची चिठ्ठी. मला त्या लेखकांबद्दल आजही कृतज्ञता वाटते. पण लिफाफा येईपर्यंत तो पेशंट घरी तरी गेलेला असायचा, नाहीतर राहिलेला नसायचा. रीप्रिंट थीसिसला उपयोगी पडायची. वॉर्डात शहाणपण चालायचं ते सरांच्या अनुभवाचं आणि जुन्या पाठ्यपुस्तकाचं.

पुढे 'इंडेक्स मेडिकस'च्या जागी मेडलाइनच्या सीडी आल्या. एका वेळी एकच जण बसू शकायचा आणि तासाच्या पाळ्या लावाव्या लागायच्या. 1997 मध्ये 'पबमेड' सगळ्या जगाला फुकट खुलं झालं आणि पाच-सहा वर्षांत माझं काम ओळखू येणार नाही इतकं बदललं. घरच्या फोनलाइनवर इंटरनेट असलेला तालुक्याचा डॉक्टरही आता जगभरातल्या लेखांचे सारांश वाचू शकत होता. हे फार मोठं काम झालं आणि ते अमेरिकेतल्या एका सरकारी लायब्ररीने केलं, हे मी दर वर्षी नव्या तुकडीला आवर्जून सांगते.

पण सारांशापाशीच भिंत लागायची. सारांशात निष्कर्ष असतो. तो निष्कर्ष कोणत्या माणसांवर काढला, कुणाला चाचणीतून वगळलं, डोस किती तासांनी दिला, बाजूला काय सोयी होत्या, हे आत असतं. डॉक्टरला लागतं ते तेच. 2002 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या प्रकाशकांना सोबत घेऊन 'हिनारी' सुरू केलं. गरीब देशांतल्या संस्थांना हजारो जर्नलं मोफत किंवा नाममात्र दरात मिळणार, असं वाचून मी प्राचार्यांकडे अर्जाचा मसुदाच घेऊन गेले होते. देशांच्या यादीत भारत नव्हता. आपलं दरडोई उत्पन्न तेव्हा त्यांच्या मर्यादेच्या आत बसत होतं, पण प्रकाशकांचे इथे आधीच ग्राहक होते आणि ते त्यांना गमवायचे नव्हते. दिल्ली-मुंबईतल्या मोजक्या संस्था पैसे भरू शकतात, म्हणून गडचिरोलीच्या डॉक्टरला फुकट देता येत नाही, असा त्याचा अर्थ झाला. या निर्णयाची मला तेव्हा चीड आली होती आणि ती अजून गेलेली नाही.

म्हणूनच 2007 ची गोष्ट मला इतकी महत्त्वाची वाटते. त्या वर्षी आयसीएमआरने, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने, कॉक्रेन लायब्ररीची वर्गणी संपूर्ण देशासाठी भरली. भारतात कुठेही बसून, कोणत्याही कॉम्प्युटरवरून, कुणीही ती उघडावी. संस्था नको, पासवर्ड नको. सगळ्या नागरिकांना असं खुलं दार देणारा भारत हा कमी उत्पन्नाच्या देशांतला पहिला होता.

कॉक्रेन म्हणजे काय, हे मी रेसिडेंटना त्यांच्या बोधचिन्हावरून शिकवते. एका वर्तुळात काही आडव्या रेघा आहेत, मध्ये एक उभी रेघ आणि खाली एक छोटा चौकोन. प्रत्येक आडवी रेघ ही एक चाचणी. दिवस भरण्याआधी बाळंत होऊ घातलेल्या बाईला स्टेरॉइडचं स्वस्त इंजेक्शन दिलं तर बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात का, हा प्रश्न. पहिली चाचणी न्यूझीलंडमध्ये लिगिन्स आणि हॉवी यांनी केली, 1972 मध्ये ती छापून आली. पुढे इतरांनीही केल्या. काहींच्या रेघा उभ्या रेघेला छेदतात, म्हणजे एकटी चाचणी पाहिली तर नक्की सांगता येत नाही. सगळ्या एकत्र मांडल्या की तळचा चौकोन स्पष्टपणे एका बाजूला पडतो: बाळं वाचतात. ही बेरीज पद्धतशीरपणे मांडून छापायला 1989 उजाडलं. तोवर उत्तर वेगवेगळ्या जर्नलांत विखरून पडलं होतं आणि बहुतेक प्रसूतितज्ज्ञांना त्याचा पत्ता नव्हता. 'उपचारांची नुसती चाचणीच करू नका, चाचण्यांची नीट मोजदादही ठेवा' हा आर्ची कॉक्रेन या ब्रिटिश डॉक्टरांचा आग्रह. त्यांच्या नावाने 1993 मध्ये इयन चाल्मर्स यांनी ही संस्था उभी केली. भारतातलं तिचं मोठं काम वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातून चालत आलंय.

बोधचिन्हाची ही गोष्ट इथे संपली असती तर सोपं होतं. आमच्याच कॉलेजात एमडी झालेली एक प्रसूतितज्ज्ञ डोंगराळ भागातल्या उपजिल्हा रुग्णालयात रुजू झाली. एका संध्याकाळी तिचा फोन आला. "मॅडम, स्टेरॉइड द्यायचंच असं आपण शिकलो. 2014 पासून एएनएम नर्सनाही पहिला डोस देऊन पाठवायची परवानगी आहे. पण इथले बालरोगतज्ज्ञ म्हणतात, नागपूरकडच्या चाचणीत उलटं आलं. खरं काय आहे?"

बालरोगतज्ज्ञ बरोबर होते. 2015 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये 'अ‍ॅक्ट' ही चाचणी आली होती. सहा देश, त्यांत भारतातली दोन ठिकाणं, नागपूर आणि बेळगाव. गावपातळीवरच्या दाया-सेविकांपासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना शिकवून, दिवस भरण्याआधी प्रसूतीची शक्यता वाटेल त्या बाईला इंजेक्शन दिलं गेलं. ज्या कमी वजनाच्या बाळांसाठी हा खटाटोप होता त्यांच्यातले मृत्यू कमी झाले नाहीत. सगळी बाळं धरली तर इंजेक्शनच्या गटात दर हजारी साडेतीन मृत्यू जास्त झाले. आयांमध्ये संसर्गाची शंकाही वाढली.

सारांश एवढाच वाचला तर माणूस इंजेक्शन कपाटात बंद करून ठेवेल. बोधचिन्हाची गोष्ट तेवढीच ऐकली तर दिसेल तिला टोचेल. तिला यातलं काहीच करायचं नव्हतं. तिला पद्धतीचा भाग हवा होता: गर्भ किती आठवड्यांचा हे त्यांनी कशावरून ठरवलं? लेखात ते होतं. गावांमध्ये सोनोग्राफी नव्हती, दिवस अंदाजाने धरले होते, आणि इंजेक्शन मिळालेल्या बऱ्याच जणींची बाळं कमी वजनाची निघालीच नाहीत. तिच्याकडच्या बायकाही पाळीची तारीख विचारली तर 'शिमग्याच्या आधी' एवढंच सांगायच्या. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने या इंजेक्शनसाठी अटी घालून दिल्या. आठवडे खात्रीने माहीत हवेत, आईला संसर्ग नको, प्रसूती जवळ आलेली हवी, आई आणि बाळ दोघांची देखभाल करता येईल अशी जागा हवी. मग 2020 मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल'मध्ये 'अ‍ॅक्शन' चाचणी आली. बांगलादेश, भारत, केनिया, नायजेरिया आणि पाकिस्तानातली 29 रुग्णालयं, 2852 स्त्रिया, सोनोग्राफीने ठरवलेले आठवडे. तिथे डेक्सामेथासोनच्या गटात नवजात बाळांचे मृत्यू 19.6 टक्के, दुसऱ्या गटात 23.5 टक्के. म्हणजे योग्य जागी, योग्य बाईला दिलं तर वाचवतं.

हे सगळे लेख तिला मिळाले, तिने पूर्ण वाचले आणि बालरोगतज्ज्ञांसोबत बसून आपल्या रुग्णालयापुरती रीत ठरवली: कुणाला इथेच द्यायचं, कुणाला पहिला डोस देऊन मोठ्या रुग्णालयात पाठवायचं, कुणाला अजिबात द्यायचं नाही. गरोदर बाईच्या कार्डावर पहिल्या सोनोग्राफीची तारीख लाल शाईने लिहायला तिने सुरुवात केली. 1972 पासून 2020 पर्यंत याच एका स्वस्त इंजेक्शनबद्दलचं उत्तर तीनदा तरी बदललं, अधिक नेमकं झालं. म्हणून डॉक्टरला एकदा शिकवून, एक पुस्तक हातात देऊन भागत नाही. वाचायची सोय नोकरीभर लागते.

आता ती सोय कशी मिळते ते सांगते, कारण बाहेरच्या माणसाला याची कल्पना नसते. जर्नलं आणि माहितीसंच संस्थेच्या नावाने घेतले जातात. केंद्राच्या संस्था, आयसीएमआरच्या प्रयोगशाळा, एम्स यांच्यासाठी नॅशनल मेडिकल लायब्ररीने 'एर्मेड' नावाचा संघ केला. सगळ्यांनी एकत्र मागणी करायची, म्हणजे प्रकाशकाशी भाव करता येतो. आमच्यासारख्या राज्याच्या महाविद्यालयांपर्यंत यातलं काही पुढे पोचलं, काही विद्यापीठामार्फत आलं, काही आम्ही स्वतः घेतलं. 'अपटुडेट'सारखं साधन, ज्यात एकेका आजारावर तज्ज्ञांनी सगळा पुरावा वाचून मजकूर लिहिलेला असतो आणि तो सतत सुधारला जातो, ते महाग. त्याच्यासाठी दर वर्षी फाइल हलवावी लागते.

हे सगळं संस्थेच्या इंटरनेट पत्त्याला बांधलेलं असतं. कॅम्पसच्या जाळ्यात असलात तर पान उघडतं, फाटकाबाहेर गेलात की पैसे मागतं. आमचं रेसिडेंट हॉस्टेल बरीच वर्षं त्या जाळ्याच्या बाहेर होतं. मधल्या रस्त्याची रुंदी जेमतेम वीस फूट, आणि तेवढ्यासाठी इमर्जन्सी संपवून रात्री दोनला मुलं-मुली लायब्ररीच्या रीडिंग हॉलमध्ये येऊन बसायची. घरून वापरायचं लॉगिन पुढे मिळालं तेव्हा ज्या आनंदाने ती नोंदणीसाठी रांगेत उभी राहिली, तो बघून वाचनाची भूक नाही म्हणणाऱ्यांना इथे आणून दाखवावं असं वाटलं.

आणि मग नो ड्यूज. शिक्षण संपलं की हॉस्टेल, मेस, लॅब, लायब्ररी अशा सगळ्यांच्या सह्या घेत डॉक्टर फिरतो. माझी सही झाली की त्याच दिवशी त्याचं लॉगिन बंद होतं. करारातच तसं आहे. सरकारी कॉलेजातला एमबीबीएस झालेला डॉक्टर इथून निघतो तो बंधपत्राच्या सेवेला, बहुतेकदा प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात. इथे असताना त्याच्या डोक्यावर लेक्चरर, प्रोफेसर, एचओडी असतात, शेजारी दहा सहकारी असतात, आणि जगातली जर्नलं एका क्लिकवर असतात. तिथे तो रात्री एकटा असतो. ज्या क्षणी त्याला वाचायची सगळ्यात जास्त गरज पडणार, त्याच्या आदल्या आठवड्यात माझ्या सहीने त्याचं वाचन थांबतं. ही सही करताना मला दर वर्षी त्रास होतो.

असाच एक मुलगा, नुकताच ग्रामीण रुग्णालयात गेलेला. घोणस चावलेल्या शेतमजुराला एएसव्ही, म्हणजे सापाच्या विषाची प्रतिलस, सुरू केल्यावर थंडी वाजून धाप लागली. तो पेशंट सावरला, पण त्याने मला विचारलं, "मॅडम, आधीच हायड्रोकॉर्टिसोन आणि एव्हिल द्यायची इथे पद्धत आहे. त्याला काही पुरावा आहे का?" श्रीलंकेतल्या तीन रुग्णालयांत 1007 पेशंटवर झालेली चाचणी 2011 मध्ये 'प्लॉस मेडिसिन'ने छापली होती. कातडीखाली अ‍ॅड्रेनालिनचा छोटा डोस आधी दिला तर पहिल्या तासातल्या तीव्र रिअ‍ॅक्शन 43 टक्क्यांनी कमी झाल्या. हायड्रोकॉर्टिसोन आणि एव्हिलच्याच जातीचं प्रोमेथाझिन यांचा उपयोग दिसला नाही, आणि अ‍ॅड्रेनालिनच्या जोडीला हायड्रोकॉर्टिसोन दिलं तर अ‍ॅड्रेनालिनचा फायदाही गेला. 'प्लॉस'चे लेख छापल्या दिवसापासून सगळ्यांना खुले असतात. त्याने तो मोबाइलवर, ड्युटी रूममध्ये बसून, तळटीपांसकट वाचला आणि वरिष्ठांना नेऊन दाखवला.

लगेचचा त्याचा दुसरा प्रश्न सर्पदंशानंतर मूत्रपिंडं बंद पडण्याबद्दलचा होता. त्याला हवा तो लेख बंद होता, एका लेखाला तीस-चाळीस डॉलर. कॉलेजात येऊन त्याला तो वाचता आला असता, पण कॉलेज बसने सहा तासांवर. त्याने लेखकाला ईमेल केली. मीच ती लिहायला शिकवली होती: आपण कोण, कुठे काम करतो, पेशंट कसा आहे, लेख का हवा, चार ओळी. सकाळी लेख आलेला होता आणि सोबत लेखकाने स्वतःहून आणखी दोन पाठवले होते. रीप्रिंटच्या कार्डांची ती जुनी सवय जगात अजून शिल्लक आहे.

ज्यांना असं काहीच मिळत नाही त्यांच्याकडे ज्ञान घेऊन कोण जातं? एमआर, म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी. बॅगेत एका औषधाची माहिती, चकचकीत कागदावर एका चाचणीची रीप्रिंट. ती चाचणी खोटी नसते. पण तिच्या शेजारी ज्या दोन चाचण्यांत ते औषध चाललं नाही, त्या त्या बॅगेत नसतात. तालुक्याचा डॉक्टर कंपनीच्या बाजूने झुकतो असं शहरात सहज बोललं जातं. त्याच्यापुढे दुसरी बाजू ठेवायची व्यवस्था आपण केलेली नाही, हे मात्र कुणी बोलत नाही.

आणि असं समजू नये की या डॉक्टरांनी फक्त घ्यायचंच असतं. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशाने हृदय कसं कोलमडतं हे पेशंटच्या उशाशी बसून टिपलं. 1982 मध्ये ते 'लॅन्सेट'मध्ये आलं, 1986 मध्ये प्राझोसिनच्या उपचाराबद्दलही तिथेच. प्राझोसिनसोबत विंचवाच्या विषाची प्रतिलस दिली तर पेशंट लवकर बरा होतो, हे दाखवणारी त्यांची 70 पेशंटची चाचणी 2011 मध्ये 'बीएमजे'मध्ये आली. 'बीएमजे' आपले संशोधनलेख सगळ्यांना खुले ठेवतं, म्हणून ती रायगडचा कुणीही डॉक्टर आज वाचू शकतो. आपल्याच मातीतलं, आपल्याच पेशंटचं ज्ञान आपल्याला विकत मागावं लागू नये, ही अपेक्षा काही जास्त नाही. मुंबईच्या केईएममधून निघणारं 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन' आपले लेख इंटरनेटवर फुकट ठेवतं. मोठमोठी परदेशी जर्नलं जे करायला बिचकली, ते परळमध्ये झालं.

नो ड्यूज देताना मी आता प्रत्येकाला एक कागद देते आणि पाच मिनिटं बसवून घेते. प्रश्न कसा मांडायचा ते आधी: पेशंट कसा, उपाय कोणता, कशाच्या तुलनेत, आणि कोणता परिणाम महत्त्वाचा. हे चार भाग केले की पबमेडमध्ये हजारो नोंदींच्या जागी पंचवीस-तीस येतात. 'फ्री फुल टेक्स्ट'ची खूण कुठे असते, पबमेड सेंट्रलवर लेखाची खुली प्रत असते का ते कसं बघायचं, 'न्यू इंग्लंड जर्नल'चे संशोधनलेख सहा महिन्यांनी नोंदणी केल्यावर वाचता येतात, कॉक्रेनचे 2013 नंतरचे आढावे वर्षभराने सगळ्या जगाला खुले होतात, हे त्यात आहे. लेखाची खुली प्रत शोधून देणारं 'अनपेवॉल' कसं वापरायचं ते आहे. गरीब वस्तीत काम करणाऱ्यांना 'अपटुडेट' मोफत मिळावं म्हणून 'बेटर एव्हिडन्स' कार्यक्रम आहे. त्याच्या अर्जात काय लिहावं हेही मी सांगते, कारण आपली मुलं आपल्या कामाबद्दल फार कमी लिहितात.

बंद लेख परवानगीशिवाय फुकट उघडून देणाऱ्या साय-हब या साइटबद्दल मुलं विचारतात. त्यांच्या मोबाइलवर ते असतं हे मला माहीत आहे. एल्सव्हिअर, वायली आणि अमेरिकन केमिकल सोसायटी यांनी डिसेंबर 2020 मध्ये त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला. सरकारी ग्रंथपाल म्हणून मी तो रस्ता शिकवत नाही. पण जो डॉक्टर पेशंटसाठी रात्री तीनला तिथे जातो त्याला चोर म्हणायला माझी जीभ वळत नाही. त्याला तिथे जावं लागू नये, हे आपलं काम होतं.

नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'ला मंजुरी दिली. तीन वर्षांसाठी 6000 कोटी रुपये, 30 प्रकाशक, सुमारे 13 हजार जर्नलं, 6300 हून अधिक सरकारी शिक्षणसंस्था आणि केंद्राच्या संशोधनसंस्था, 1 कोटी 80 लाखांच्या आसपास वाचक. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटकडे सगळी व्यवस्था. जानेवारी 2025 पासून हे सुरू झालं. ज्यांनी 1991 ची ती बैठक पाहिली त्यांना हे किती मोठं आहे ते वेगळं सांगायला नको. मी मनापासून या योजनेच्या बाजूची आहे.

पण यादी काढून बघा. सरकारी वैद्यकीय महाविद्यालय यात बसतं, कारण ती शिक्षणसंस्था आहे. जिल्हा रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, ग्रामीण रुग्णालय, प्राथमिक आरोग्य केंद्र शिक्षणसंस्था नाहीत. खासगी कॉलेजं पहिल्या टप्प्यात नाहीत. तालुक्याच्या गावात दहा खाटांचं रुग्णालय चालवणाऱ्या नवरा-बायको डॉक्टरांनाही पहिल्या टप्प्यात धरलेलं नाही. राज्यातले बहुसंख्य पेशंट याच लोकांकडे जातात.

यावर बैठकांत मला एक उत्तर ठरलेलं मिळतं, की ग्रामीण डॉक्टर वाचत नाहीत, त्यांना देऊन काय उपयोग. माझ्या फोनमध्ये त्यांचे संदेश आहेत. रात्रीचे, पहाटेचे, रविवारचे. गर्भपिशवी काढताना लागलेल्या रक्तस्रावाचे, टीबीच्या औषधांनी झालेल्या काविळीचे, ऑर्गनोफॉस्फरसच्या विषबाधेचे. नियमाने मी त्यांची काही लागत नाही. त्यांना विचारायला दुसरं कुणी नाही म्हणून ते मला विचारतात.

व्यवस्था करणं अवघड नाही. 2007 मध्ये देशासाठी एक वर्गणी भरली गेली तेव्हा कुणालाही नोकरीचा पत्ता विचारला नव्हता. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे प्रत्येक डॉक्टरचा नोंदणी क्रमांक आहे, आणि नूतनीकरणासाठी पाच वर्षांत 30 क्रेडिट पॉइंट मिळवल्याची नोंदही ती ठेवते. लॉगिन त्या क्रमांकावर द्यावं. डॉक्टर कॉलेज सोडेल, गाव बदलेल, नोकरी सोडून दवाखाना टाकेल, क्रमांक त्याच्यासोबत राहील. सध्याचे करार 2027 अखेरपर्यंतचे आहेत, म्हणजे प्रकाशकांशी पुढची बोलणी त्याआधी व्हायला हवीत. त्या बोलण्यांत आरोग्य खात्याच्या रुग्णालयांचा आणि नोंदणीकृत डॉक्टरांचा समावेश व्हावा, असं सविस्तर पत्र मी संचालनालयाकडे दिलं आहे. ज्यांच्या नो ड्यूजवर मी सही केली त्या डॉक्टरांनाही आपापल्या रुग्णालयातून असंच पत्र लिहायला सांगते आहे, आणि त्यात मागच्या महिन्यात कोणता लेख हवा होता, तो कोणत्या पेशंटसाठी आणि तो मिळाला की नाही, हे लिहायला.